ज्या महिन्यात देव बघत नाहीत

२२ मार्च, बुधवार

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासूबाई आणि मी रोज दुपारी समोरासमोर बसून चादरी बडवायचो. मध्ये गुळगुळीत दगड, त्यावर खळ दिलेल्या कापडाची घडी आणि दोघींच्या हातांत दोन दोन लाकडी मोगऱ्या. एकीचा ठोका पडला की दुसरीचा. बोलणं नसायचंच. मी नन्सच्या शाळेतून आलेली, पियानोवर दोन हात वेगवेगळे चालवायची सवय होती, तरी आईंच्या बोटांवर मारीन की काय अशी धास्ती असायची. एका दुपारी त्या मध्येच थांबून म्हणाल्या, "माहेरून पत्र आलं नाही वाटतं." आलं नव्हतंच. कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "डाव्या हाताचा ठोका जड पडतोय." आणि पुन्हा मोगरी उचलली. एवढंच. आज दिवसभर तीच दुपार आठवत होती.

आज अधिक महिना लागला. सकाळी सोयाबीनच्या मोडांचं सूप वाढलं, तेव्हा आईंनी चमचाही उचलला नाही.

"या खेपेला तरी आणणार आहेस का माझे कपडे?"

कपडे म्हणजे मरणाचे. अधिक महिन्यात सुनेनं ते आणून ठेवले की म्हातारं माणूस आणखी जगतं, असं आई मानतात. बाकीच्या महिन्यांवर एकेक देव नेमलेला असतो. हा महिना जास्तीचा, याच्यावर कुणाचीच नेमणूक नाही. देव बघत नाहीत, तेव्हा कबर हलवा, न्हाणीघर पाडा, कफन आणा, कुणी रागावत नाही. शाळेत सिस्टर सांगायच्या की देव पांघरुणाच्या आतलंही बघतो. माझा दोन्हींवर विश्वास आहे.

बोरानं, माझ्या मुलीनं, दिलेला टॅब घेऊन आम्ही दोघी खालून तापवलेल्या फरशीवर बसलो. नव्वदी ओलांडलेल्या बाईचा चोखंदळपणा काय वर्णावा.

"हे पिवळट आहे."

"ताग आहे, आई. ताग पिवळाच असतो."

"आपल्याकडचा, आन्दोंगचा आहे का? चीनचा नको. वर गेल्यावर त्या लोकांत बसवतील मला, आणि तिकडची भाषा मला येत नाही."

"बरं."

"खिसा नाही ना?"

"मेलेल्यांच्या कपड्यांना खिसा नसतो."

"तेच बरं. नाही तर तुझ्या सासऱ्यांनी सिगारेटी नेल्या असत्या."

दोन तास पाहिलं आणि काहीच ठरलं नाही. उद्या पुन्हा बघायचंय म्हणतात. त्यांच्या गालांवर इतका रंग मी पुष्कळ दिवसांनी पाहिला.

२४ मार्च, शुक्रवार

टीव्हीला काय झालंय कळत नाही. हवामानाच्या बातम्या संपल्या आणि एक अस्थिगृह दिसू लागलं. डोंगराच्या कुशीत, दक्षिणेला तोंड, सकाळचं ऊन.

"आपल्या फ्लॅटपेक्षा बरं आहे," आई म्हणाल्या. "इथे सगळं पश्चिमेचं ऊन."

मग पडद्यावर ठळक अक्षरं आली: आदरणीय ग्वाक ब्यंग-चॉल साहेब, निरोपाची तयारी आजच करा. हे माझ्या यजमानांचं नाव. त्यांना जाऊन पाच वर्षं होत आली, तयारीला जरा उशीरच झाला. घरचं इंटरनेट अजून त्यांच्याच नावावर आहे. माझा, मुलाचा म्हणजे इनहोचा आणि बोराचा फोनही त्यांनीच त्या 'एकमन कुटुंब' योजनेत एकत्र बांधून टाकला होता. मुलं सोलला निघाली तेव्हा म्हणाले होते, एकत्र कुटुंब नाही तर नाही, बिल तरी एकत्र येऊ दे.

अस्थिगृहाचं एकवेळ समजू शकते, आम्ही कफनं पाहतोय. पण दिवसातून पाच-सहा वेळा तळलेल्या कोंबडीचं दुकान काढा म्हणून सांगतात, ते कशाला? 'दुसऱ्याची चाकरी पुरे, स्वतःचे मालक व्हा,' आणि मग कढईत सोनेरी तंगड्या. ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात मी मांस सोडलंय हे यांना कळलं असणार. कळल्यावर मोह घालायची काय गरज होती? कोंबडीच्या मागोमाग केस उगवायचं औषध येतं. आरशात पाहिलं. भांग थोडा रुंद झालाय खरा.

संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेची प्रार्थना संपल्यावर आगाथाला सांगितलं. आम्ही एका बाकावर शिकलो, अजून एका बाकावरच बसतो.

"माझ्या टीव्हीवर गुडघ्याचे पट्टे आणि नातवाचे लंगोट," ती म्हणाली. "तुझ्याकडे मसण आणि कोंबडी. कुणी बसून वाचतं की काय तुमच्या घरचं?"

"कोण वाचणार?"

"वसतिगृहात सिस्टर पत्रं फोडायच्या, तसं."

"सिस्टर वाचून झाल्यावर पुन्हा खळ लावून बंद करायच्या. आणि देताना खाली बघायच्या."

"तेव्हा लाज होती," आगाथा म्हणाली.

दुपारची एक गोष्ट लिहायची राहिली. आई रिमोट हातात धरून टीव्हीशी हळू आवाजात बोलत होत्या. मी खोलीत आले तशा गप्प झाल्या. वय झालं.

२७ मार्च, सोमवार

आज दोन्ही मुलांचे फोन, तेही आपणहून.

बोराचा आवाज दाटलेला होता. "आई, जेवतेस ना नीट? खरं सांग."

"उपासकाळ आहे, थोडं कमीच जेवते."

"उपास आहे म्हणून कमी?"

"मग कशासाठी?"

ती म्हणाली, "तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस. मला कळलंय सगळं. फक्त एकटी सहन करू नकोस."

मी म्हटलं, एकटी कुठे, आजी आहे ना सोबत, आम्ही दोघी मिळून बघतो रोज. त्यावर तिला हुंदकाच आला. कफन पाहण्याचं तिनं इतकं मनाला लावून घ्यावं? आजीवर जीव आहे तिचा.

इनहोचा फोन सकाळी अकराला, भर कामाच्या वेळी. त्याच्या मागे पाखरं ओरडत होती. ऑफिसच्या खिडकीशी झाड असेल. म्हणाला, "आई, तू काळजी करू नकोस, मी आहे." कसली काळजी ते सांगितलं नाही. चाळिशीला आलाय, लग्नाचं नाव काढत नाही, पण मन मऊ आहे. उपासकाळातल्या प्रार्थना फुकट जात नाहीत, एवढं खरं.

२९ मार्च

बोराकडून ताकदीसाठी जिनसेंगची पेटी आणि गोठवलेली शिंपल्यांची पेज आली. इनहोनं लोकरीची टोपी पाठवली. खाली चेरी फुलून रस्ताभर पाकळ्या पडल्यात आणि हा टोपी पाठवतो. आईंनी ती घालून पाहिली. "आजाऱ्याची वाटते," म्हणाल्या आणि काढून ठेवली.

३१ मार्च, शुक्रवार

आज टीव्हीवर वृद्धाश्रम आला.

अस्थिगृहाला आई हसल्या होत्या. आज हसल्या नाहीत. पडद्यावर एक बाई, माझ्याच वयाची, माझ्यासारखेच कापलेले केस. एका म्हातारीचा हात पांढऱ्या कपड्यातल्या मुलीच्या हातात देते आणि दार लागल्यावर मोठा श्वास सोडते. 'तुम्ही पुष्कळ केलंत. आता आईंना योग्य हातांत सोपवा.' आणि खाली आमच्याच शहरातला, जोन्जूतला पत्ता.

मी रिमोट शोधत होते, तो आईंच्या मांडीवर होता. त्यांनी दिला नाही, वाहिनी बदललीही नाही. तासाभरात ती बाई पुन्हा आली, आणखी एकदा श्वास सोडून गेली.

रात्रीच्या जेवणाला म्हणाल्या, भूक नाही. कोवळ्या पाल्याचं सूप केलं होतं, त्यांच्या आवडीचं, तसंच राहिलं. टॅब आणून म्हटलं, कपडे बघू या का? "नको," म्हणाल्या. "तिकडे त्यांचेच कपडे घालत असतील."

१ एप्रिल, शनिवार

आज मी सरळ विषय काढला.

"आई, मी असलं काही बघितलेलं नाही. शपथ."

"शपथ कशाला घेतेस. तुमच्यात चालत नाही ना."

"तुम्हांला कुठेही पाठवायचं माझ्या मनातसुद्धा नाही."

"मनातलंच तर दाखवतो तो." त्यांनी टीव्हीकडे हनुवटी केली. "मी गुडघे चोळत बसले की गुडघ्याचं औषध. तू कपडे बघितलेस, तर कपडे. आजवर एकदा तरी खोटं बोलला?"

"यंत्र आहे ते."

"यंत्राला माझं वाईट चिंतून काय मिळणार? इनहोच्या आई, मी रागावलेली नाही. तुझीही साठी उलटली. मला उचलताना तुझी कंबर वाजते, मला ऐकू येतं. फक्त तोंडानं सांगायचं होतंस. बातम्यांच्या मध्ये नको होतं."

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं, पण पाठीवर हात ठेवला नाही. यांच्या वडलांचं आजारपण, यांचं आजारपण, या घरातली सगळी मरणं आम्ही दोघींनी मिळून काढली. आणि आता एका डब्याचं खरं, माझं खोटं.

३ एप्रिल, सोमवार

कंपनीला फोन केला. संगीत संपल्यावर आलेला आवाज इतका गोड, की आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये घ्यावा.

"आदरणीय ग्राहक, मी आपली काय सेवा करू?"

मी म्हटलं, आमच्या टीव्हीवर वृद्धाश्रम येतात, ते बंद करा.

"आपल्याला दाखवलेला आवडला नाही का? वरच्या श्रेणीतले दाखवू?"

"कुठलाच नको. आमच्या घरात तो कुणी शोधलेला नाही."

"शोधलाय, ताई. आपल्या एकमन कुटुंबातूनच शोध गेलाय. एका सदस्याची गरज ती सगळ्या कुटुंबाची गरज, म्हणून तर एकमन."

"कुणी शोधला?"

"ते मात्र सांगता येणार नाही. ते त्या सदस्याचं खासगी असतं."

"आणि ते माझ्या सासूबाईंना दाखवता ते?"

"ते कुटुंबापुरतंच असतं ना, ताई."

मी विचारलं, आमचं सगळं बघायची परवानगी दिली कुणी तुम्हांला? तिनं क्षणभर काहीतरी चाळलं. "ग्वाक ब्यंग-चॉल साहेबांनी. दर वेळी विचारलं की लगेच 'सहमत'. फार नियमित ग्राहक आहेत."

"ते वारलेत."

तिकडे पुन्हा थोडा वेळ संगीत वाजलं.

"आमच्याकडे तशी नोंद नाही. कंपनी आपल्या दुःखात सहभागी आहे. सेवा बंद करायची तर साहेबांनी स्वतः फोन करावा, नाहीतर ते नसल्याचा दाखला घेऊन आपण दुकानात या. मात्र त्यांचं नाव निघालं की सगळी जोड सुटेल. आणखी काही सेवा?"

आणखी काही नव्हतं. संध्याकाळपासून टीव्हीवर पतिवियोगाच्या दुःखातून बाहेर काढणारी शिबिरं दाखवू लागलेत.

दाखला कपाटात आहे. पाच वर्षांत नेऊन दिला नाही, त्याला कारण आहे. बँकेतून, नोकरीच्या ठिकाणाहून, मतदारयादीतून त्यांचं नाव पहिल्या वर्षातच गेलं. त्यांच्या नावाचं टपाल म्हणून आता या कंपनीचं बिल तेवढं येतं. लिफाफ्यावर पूर्ण नाव आणि पुढे 'साहेब'. ते मी फोडत नाही, पैसे बँकेतून आपोआप जातात. लिफाफे मात्र ठेवून दिलेत.

आगाथाचं म्हणणं, शोधणारी माझी मुलंच असणार. मी तिला स्पष्ट सांगितलं, माझी मुलं असं करणार नाहीत. बोरा रोज फोन करून मी काय खाल्लं ते विचारते.

६ एप्रिल, पवित्र गुरुवार

आईंनी बाल्कनीतले सोयासॉसचे रांजण आतून-बाहेरून पुसून ठेवले. कपड्यांचं बोचकं बांधून दाराशी ठेवलंय. मी ते उचलून आत नेते, त्या पुन्हा दाराशी आणतात.

संध्याकाळच्या मिस्साला फादरांनी बारा जणांचे पाय धुतले. घरी आल्यावर माझ्या मनात आलं आणि कोमट पाण्याचं घमेलं घेऊन मी आईंसमोर बसले. शेजारी कुणाच्या तरी दारात चप्पल वाजत होती, त्यांचं लक्ष तिकडेच.

"हे काय? आंघोळ घालून पाठवतेस?"

"पाठवत नाहीये. आज पाय धुवायचा दिवस आहे."

"माझा देव वेगळा आहे, त्याला पाय चालत नाहीत."

पण पाय काढून घेतले नाहीत. टाचा भेगाळल्यात. तेल लावलं. "चांगली हाताळणी आहे," म्हणाल्या. "तिथल्या मुलींना शिकवून ये." बोलणं तिखट होतं, पण आठवडाभरात एवढं लांब वाक्य नव्हतं, म्हणून बरं वाटलं.

९ एप्रिल, ईस्टर

दोन्ही मुलं आज आली. सगळं जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करते.

बोरा दारातच गळ्यात पडून रडली. "किती वाळलीस." मी म्हटलं, उपास कालच सुटला, आता भरेन. इनहो मागे उभा होता. त्यानं चर्चमधून आणलेली रंगवलेली अंडी आपल्याच हातात धरून ठेवली होती, कुठे ठेवावीत हे न कळल्यासारखी. दाराशी बोचकं पाहिलं, तेव्हा बहीण-भावांनी एकमेकांकडे बघितलं.

जेवायला बसलो. भाजलेला मासा, तीन तऱ्हांची किमची, सूप. इनहोनं घसा साफ केला.

"आई, गुरुवारची वेळ घेतली आहे. सोलमधले सगळ्यांत मोठे डॉक्टर आहेत."

"कुणाला काय झालंय?"

"आई, आता पुरे," बोरा म्हणाली. "आम्हांला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"माझ्या फोनवर दोन आठवडे कफनं येताहेत. अस्थिगृह, मृत्युपत्र करून देणारे वकील, शेवटचा चांगला फोटो काढून देणारे. आधी वाटलं चुकून. इनहोला विचारलं, तर त्याच्याही फोनवर तेच. आपल्या जोडणीतून एवढ्या गोष्टी येताहेत म्हणजे घरी कुणीतरी शोधतंय. आणि तू फोनवर म्हणालीस, रोज बघता. मग आम्ही समजलो."

आई सूप पीत होत्या. भांडं खाली ठेवून म्हणाल्या, "ते माझं होतं. माझे कपडे. अधिक महिना लागलाय. शहरात जाऊन महिनेही विसरलात?"

बोराला हसू आलं आणि रडूही, आणि तोंडातला भात तिला गिळता येईना. इनहोनं तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. मलाही हसू फुटलं. त्या लोकरीच्या टोपीचा उलगडा मला तेव्हा झाला.

आई हसत नव्हत्या. त्यांनी चमचा पुसून ताटाशी सरळ ठेवला.

"मग वृद्धाश्रम कोण बघत होतं?"

बोराचा हात थांबला.

"मी."

"का?"

"आईला काही झालं, तर तुला कोण बघणार म्हणून."

"म्हणजे आई गेल्यावर मला कुठे ठेवायचं, ते तू आधी पाहिलंस. आई जाते आहे का, ते विचारलं नाहीस."

"असं कसं विचारायचं, आजी?"

"तोंडानं."

बोरानं मान खाली घातली. आईंनी जेवायच्या काड्या उचलल्या, माशाचा पोटाकडचा मऊ तुकडा सोडवला, काटे बाजूला केले आणि तो माझ्या भातावर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही बघितलं. तुकडा खाल्ला.

वातावरण सैल करावं म्हणून मी म्हटलं, "चला, कफनाचं कळलं, आश्रमाचं कळलं. आता ती कोंबडी कुणाची, तेवढं सांगा. आणि केसांचं औषध."

इनहोचे कान लाल झाले. मला वाटलं, केसांचं मनाला लागलं. आई त्याच्याकडे न बघता किमचीतलं कोबीचं पान फाडत म्हणाल्या, "नोकरी कधी सुटली रे?"

त्यानं काड्या ताटाशी ठेवल्या.

"जानेवारीत."

"वाटलंच मला. पुरुषांची नोकरी गेली की आधी कोंबडीच येते. खालच्या मजल्यावरच्या त्या मॅनेजरचं असंच झालं."

"सांगणार होतो."

"कधी?" मी विचारलं.

"दुसरी मिळाल्यावर."

रोज सकाळी शर्ट घालून तो बागेत जाऊन बसत होता. त्या पाखरांचा आवाज मी ऐकला होता, त्यावर मनात खिडकीशी झाडही लावलं होतं. गेले दोन आठवडे त्याची कोंबडी माझ्यासमोर तळली जात होती आणि मी तिला मोह समजून क्रूसाची खूण करत होते.

"सोलची खोली सोडून इकडे ये," मी म्हटलं. "पुढची खोली रिकामीच आहे."

"आजी, चालेल का तुला?"

"मला विचारतोय," आई म्हणाल्या, "तोंडानं विचारतोय. चालेल." आणि बोराला म्हणाल्या, "ते बोचकं आत ने. तू आणायला लावलंस, तूच ने."

११ एप्रिल, मंगळवार

सकाळी यांच्या मृत्यूचा दाखला काढला. आई दारात उभ्या होत्या.

"ते दिलं म्हणजे त्याचं नाव येणार नाही का टीव्हीवर?"

"नाही येणार."

"रोज विचारायचा बिचारा."

"कोण?"

"टीव्ही. 'ग्वाक ब्यंग-चॉल साहेब, आपण सहमत आहात का?' इतक्या आदरानं. आता माझ्या मुलाला पूर्ण नावानं कोण हाक मारतं? तू 'हे' म्हणतेस, मुलं 'बाबा' म्हणतात. विचारलं की कुणीतरी उत्तर द्यायला नको? मी लाल बटण दाबून हो म्हणायची. मग दोन शब्द बोलायची त्याच्याशी."

मी खुर्चीवर बसले. परवानगी कुणी दिली म्हणून मी त्या गोड आवाजाच्या बाईवर ओरडले होते. चिडायला हवं होतं बहुतेक. मी उठून खण उघडला आणि न फोडलेल्या लिफाफ्यांचा गठ्ठा आईंच्या मांडीवर ठेवला. त्यांना आता बारीक अक्षरं दिसत नाहीत. त्यांनी वरच्या लिफाफ्यावर अंगठा फिरवला.

"यावर पण आहे?"

"सगळ्यांवर आहे. साहेब म्हणून."

"आणि तू एवढे दिवस एकटीच ठेवून बसलीस," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी चांगला पोशाख काढायला सांगितला, पाच वर्षांपूर्वी यांच्या अंत्यविधीला घातला होता तोच. दुकानात आम्ही नंबर घेऊन बसलो. समोरच्या माणसानं दाखला पाहिला, उठून कमरेत वाकून नमस्कार केला, बसला, बटण दाबलं आणि लगेच विचारलं, "नवीन योजना दाखवू का? 'मोकळं मन'. एकमनपेक्षा वेगवान."

"त्यातही बघता का?" आईंनी विचारलं.

"ग्राहकाच्या संमतीनंच, आजी. पडद्यावर विचारतो आम्ही."

"कुणाच्या नावानं?"

"आता तुमच्या किंवा ताईंच्या."

"मग नको. मला काही विचारू नका. मला वाटलं तर मी सांगेन."

घरी येईतो टीव्ही काळा झाला होता. आईंची तिन्हीसांजेची मालिका बुडाली. त्या पोरीचा खरा बाप कोण ते कळायला एकच भाग उरला होता म्हणून जरा कुरकुरल्या. इनहो छपरावरच्या जुन्या अँटेनाची तार जोडून बघतो म्हणाला.

माझ्या फोनवर कंपनीचा शेवटचा निरोप आला, यांच्या नावे. 'आदरणीय ग्वाक ब्यंग-चॉल साहेब, आपला निर्णय ऐकून दुःख झाले. आपण पुन्हा आमच्याकडे याल अशी आशा आहे. आम्ही वाट पाहू.' आईंना वाचून दाखवला. "चांगली माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "पण बावळट."

१९ एप्रिल, बुधवार

अधिक महिन्याचा शेवटचा दिवस. कपडे काल आले. या वेळी टॅबवर नाही पाहिले. आईंना घेऊन मी बाजारातल्या कापडवाल्या बाईकडे गेले होते. आज त्यांनी ते घालून पाहिले, आरशासमोर वळून पाठही पाहिली. "छान दिसते," म्हणाल्या. "पुढच्या अधिक महिन्यात तुझे बघू." तो दोन वर्षांनी येतो. म्हणजे तोवर त्यांचा जायचा बेत नाही.

माझीही साठी उलटली आहे. मुलांना पुन्हा फोनवर अंदाज बांधत बसायला लागू नये, म्हणून कुणाला काय द्यायचं ते इथे लिहून ठेवते. इनहो, वही उघडलीस तर हेच पान वाच, बाकीची सोड.

मी आधी गेले तर आईंना बातमी आगाथानं द्यावी. शेजारी बसून, हात धरून, उजव्या कानाशी. डाव्यानं ऐकू येत नाही. टीव्ही चालू असेल तर आधी बंद करावा.

बोराला माझी जपमाळ आणि शाळेतली पियानोची पुस्तकं. टॅब तिचाच आहे, तिनं परत न्यावा आणि आत काय आहे ते न पाहता पुसून टाकावा. तिला बातमी इनहोनं द्यावी, मेसेज करू नये.

इनहोला सोयासॉसचे रांजण आणि पुढची खोली, नोकरी लागेपर्यंत आणि लागल्यावरही. कोंबडीचं दुकान काढलंच, तर पहिली कोंबडी फादरांना, उपासकाळ नसेल तर.

आगाथाला माझी मिस्साची पांढरी ओढणी. तिची पिवळी पडलीय, ती कबूल करत नाही.

यांच्या नावाचे लिफाफे आईंकडे राहावेत. कुणी फोडू नयेत.

कुठल्याही कंपनीला काही कळवू नये. त्यांना आपोआप कळलं तर कळू दे.

आणि आई आधी गेल्या, तर मला बातमी कुणी द्यायला नको. मी शेजारीच असेन.